'पिक अप' नेमके कसे वापरावे : इंग्रजी नव्याने बोलू लागलेल्यांसाठी

नाशिक जिल्ह्यात 'पिकअप' हा शब्द कानावर पडला नाही असा दिवस सहसा जात नाही. पिंपळगावच्या बाजार समितीकडे टोमॅटोचे क्रेट घेऊन निघालेली गाडी म्हणजे पिकअप, फाट्यावर एसटीची वाट पाहत उभे राहण्याची जागा म्हणजे पिकअप शेड, घाटाच्या चढावर दम टाकणाऱ्या जुन्या मोटारसायकलला 'पिकअप नाही' आणि दिवाळीच्या तोंडावर मेन रोडवरच्या दुकानदारांच्या भाषेत 'धंद्याने पिकअप घेतला'. हे चारही वापर आता मराठीचेच झाले आहेत आणि चारही ठिकाणी 'पिकअप' हे नाम आहे. इंग्रजीत मात्र हा शब्द मुख्यतः क्रियापद म्हणून वावरतो, तो दोन तुटक शब्दांत लिहिला जातो आणि त्या दोन शब्दांच्या मध्ये तिसरा शब्द येऊन बसू शकतो. शब्द ओळखीचा असल्यामुळे तो आपल्याला येतो असे आपण गृहीत धरतो आणि चुका नेमक्या तेथेच होतात.

हॉटेलच्या स्वागतकक्षात, प्रवासी वाहनाच्या व्यवसायात, द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये किंवा अंबड-सातपूरच्या एखाद्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या आणि परगावच्या, परदेशच्या माणसांशी इंग्रजीत बोलण्याची वेळ आलेल्या वाचकांसाठी हा लेख आहे. फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापद आणि 'अप', 'ऑफ' असा छोटा शब्द मिळून झालेली जोडी, म्हटले की शंभर-दीडशे जोड्यांची यादी पाठ करण्याची रीत आहे. ती मला फारशी उपयोगी वाटत नाही. एकच जोडी घेऊन ती तळापर्यंत समजून घेतली, तर पुढच्या जोड्या आपोआप सोप्या होतात, म्हणून येथे फक्त 'पिक अप' घेतले आहे.

पहिली पायरी : 'अप' म्हणजे 'वर' हे विसरावे

'पिक' म्हणजे निवडणे, वेचणे किंवा खुडणे, आणि 'अप' म्हणजे वर, असे शाळेत शिकलेले असते. दोहोंची बेरीज करून 'पिक अप' म्हणजे 'वर उचलणे' एवढाच अर्थ हाती लागतो आणि स्टेशनवरून पाहुण्याला आणणे, भाषा कानावर पडून येऊ लागणे किंवा धंदा वाढीला लागणे हे अर्थ अनाकलनीय वाटतात. वास्तविक मराठी बोलणाऱ्याला या प्रकाराचे नवल वाटू नये. 'पत्र वाचून टाकले' म्हणताना आपण काहीही फेकत नाही आणि 'जरा बसून घे' म्हणताना हातात काही घेत नाही. 'टाकणे' आणि 'घेणे' ही क्रियापदे तेथे स्वतःचा अर्थ सोडून आधीच्या क्रियापदाला वेगळी छटा देतात. 'अप' हेच काम करतो. म्हणून 'पिक अप' हा एकच शब्द आहे असे मानून त्याचे अर्थ शिकावेत, आणि तो एकच शब्द आहे म्हणूनच त्यातला 'अप' गाळू नये.

'अप' गाळला की काय होते, याचे उदाहरण द्राक्षबागेत चांगले सापडते. 'पिक द ग्रेप्स' म्हणजे द्राक्षांचे घड वेलीवरून खुडा. 'पिक अप द ग्रेप्स' म्हणजे जमिनीवर पडलेली द्राक्षे उचला, किंवा बांधावर भरून ठेवलेला माल गाडी नेऊन घेऊन या. जानेवारी ते एप्रिलच्या हंगामात एखाद्या निर्यातदाराच्या माणसाला यांपैकी भलतेच वाक्य ऐकवले, तर तो बागेत मजूर पाठवायचे की वाहन, या विचारात पडेल.

दुसरी पायरी : मराठीतल्या 'उचलणे'पासून सुरुवात करावी

'पिक अप'चे बरेचसे अर्थ आपल्या 'उचलणे' या क्रियापदात आधीपासूनच आहेत. खाली पडलेली किल्ली आपण उचलतो. इंग्रज माणूस ती 'पिक अप' करतो. फोन आपण उचलतो. तोही 'पिक अप' करतो. एखाद्या संशयिताला पोलिसांनी पहाटे उचलले, असे आपण म्हणतो. 'द पोलीस पिक्ड हिम अप' याचा अर्थ तंतोतंत तोच आहे. सगळ्यांच्या जेवणाचा खर्च मामांनी उचलला, हे सांगायला 'माय अंकल पिक्ड अप द बिल' हे अगदी स्वाभाविक वाक्य आहे. लासलगावच्या बाजारात कांद्याच्या भावाने उचल खाल्ली, असे वर्तमानपत्रात छापून येते, आणि 'प्राइसेस पिक्ड अप' असे म्हटले की तीच बातमी इंग्रजीत होते.

एखाद्या मुलाने आजीची बोली पटकन उचलली, असेही आपण म्हणतो. 'पिक अप'चा हा अर्थ जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. वर्ग न लावता, पुस्तक न उघडता, केवळ सहवासाने जे अंगवळणी पडते त्यालाच 'पिक अप' म्हणतात. अंबडच्या कारखान्यात बिहारहून आलेला कामगार सोबत्यांचे बोलणे ऐकून वर्षभरात मराठी बोलू लागला, तर 'ही पिक्ड अप मराठी ॲट वर्क' हे वाक्य शोभते. उलट, फी भरून सहा महिने क्लासला जाणाऱ्याने 'आय पिक्ड अप इंग्लिश इन अ क्लास' म्हटले, तर ऐकणाऱ्याला ते खटकते; तेथे साधे 'लर्न' वापरावे. मुलाखतीत हा फरक उपयोगी पडतो, कारण 'आय पिक थिंग्ज अप क्विकली' एवढ्या एका वाक्यात 'मला शिकवत बसावे लागत नाही, मी पाहून पाहून शिकतो' असे सांगता येते.

मात्र 'उचलणे'चा हात धरून फार दूर जाऊ नये. पाऊल उचलणे, जबाबदारी उचलणे, मुकादमाकडून पगारापोटी उचल घेणे, कोणावर हात उचलणे, या ठिकाणी इंग्रजीत 'पिक अप' चालत नाही. पाऊल आणि आगाऊ रक्कम दोन्हींसाठी 'टेक', जबाबदारीसाठी 'टेक ऑन' आणि हातासाठी 'रेझ' असे क्रियापद येते.

तिसरी पायरी : जेथे 'उचलणे' चालत नाही ते अर्थ

नाशिकमध्ये रोजच्या कामात सर्वांत अधिक लागणारा अर्थ म्हणजे कोणाला तरी घ्यायला जाणे. रेल्वे स्टेशन नाशिक रोडला, विमानतळ ओझरला आणि हॉटेले गंगापूर रस्त्यापासून मुंबई नाक्यापर्यंत विखुरलेली, अशी शहराची रचना असल्यामुळे पाहुण्याला कोठून, कधी आणि कोण घ्यायला येणार, हे सांगण्यातच निम्मा संवाद जातो. 2027 च्या सिंहस्थात हे काम किती पटींनी वाढेल, हे वेगळे सांगायला नको. या अर्थी 'आय विल पिक यू अप ॲट द स्टेशन' हे मूळ वाक्य पक्के करावे. जागेच्या आधी 'ॲट' घालावा की 'फ्रॉम', यावर विद्यार्थी उगाच अडून बसतात. माणसाला घ्यायला जायचे असल्यास दोन्ही बरोबर आहेत. वेळ सांगताना मात्र 'ॲट सिक्स' असेच म्हणावे.

आपल्याकडे याच अर्थी 'रिसीव्ह' हे क्रियापद सर्रास वापरले जाते. 'आय विल कम टू रिसीव्ह यू' हे भारतात कोणालाही कळते, आणि ते चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही, परंतु लंडनहून आलेल्या पर्यटकाला त्यात राजदूताच्या स्वागतासारखा थाट जाणवेल. टॅक्सीसाठी 'पिक अप'च बरे.

वस्तूच्या बाबतीत हेच क्रियापद 'जाऊन घेऊन येणे' आणि 'येता येता घेणे' असे दोन अर्थ देते. कुरिअरच्या कचेरीतून पार्सल घेऊन येणे हे 'पिक अप' आहे, आणि कॉलेज रोडवरून घरी येताना दूध किंवा चिवड्याचे पाकीट घेणे हेही 'पिक अप' आहे. दुसऱ्या अर्थात घाईची, किरकोळ खरेदीची छटा असते. म्हणून 'आय पिक्ड अप सम मिल्क' हे सहज वाटते आणि 'आय पिक्ड अप अ फ्लॅट इन इंदिरानगर' म्हणणारा माणूस एकतर विनोद करीत असतो किंवा ऐश्वर्य मिरवीत असतो.

सर्दी, खोकला, पोटाचा संसर्ग असे बाहेरून लागणारे आजार 'पिक अप' केले जातात. मधुमेह आणि रक्तदाब या यादीत बसत नाहीत, कारण ते कोणाकडून लागत नाहीत. त्र्यंबकच्या डोंगराआड मोबाइलला रेंज मिळाली, तर फोनने 'सिग्नल पिक अप केला' असे म्हणतात. अर्धवट राहिलेला विषय पुन्हा हाती घेण्यालाही 'पिक अप' चालते. बैठकीच्या आरंभी 'लेट अस पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ' हे वाक्य कार्यालयांत वरचेवर ऐकू येते.

एक अर्थ ओळखून असावा, स्वतः वापरण्याची गरज नाही. अनोळखी व्यक्तीशी लगट करून तिला सोबत नेणे, यालाही 'पिक अप' म्हणतात. वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये काम करणाऱ्याच्या कानावर हा वापर येऊ शकतो. स्टेशन, वेळ, गाडी यांचा उल्लेख वाक्यात असला की गैरसमजाला जागा राहत नाही, तेव्हा पाहुणीला घ्यायला जाण्याविषयी बोलताना जागा आणि वेळ न चुकता सांगावी.

चौथी पायरी : कर्म कोठे बसवावे

या एका नियमावर जितका वेळ घालवाल तितका थोडा आहे. 'पिक अप'चे कर्म नाम असेल, तर ते 'अप'च्या आधीही येते आणि नंतरही येते: 'पिक अप द बॅग' आणि 'पिक द बॅग अप', दोन्ही शुद्ध आहेत. कर्म सर्वनाम असेल, म्हणजे 'मी', 'यू', 'हिम', 'हर', 'इट', 'अस', 'देम' यांपैकी काही असेल, तर त्याला मध्येच बसावे लागते. 'पिक इट अप' बरोबर, 'पिक अप इट' चूक. 'पिक मी अप ॲट सीबीएस' बरोबर, 'पिक अप मी' चूक. येथे अपवाद नाही, आणि ही चूक कानाला इतकी बोचते की बाकी वाक्य निर्दोष असूनही बोलणारा नवशिका असल्याचे कळून येते.

कर्म लांबलचक असेल, तर ते मध्ये कोंबू नये. 'काल पुण्याहून आलेले पार्सल घेऊन ये' हे सांगताना 'पिक अप' एकत्र ठेवून मग पार्सलचे सगळे वर्णन करावे, म्हणजे 'पिक अप द पार्सल दॅट केम फ्रॉम पुणे यस्टर्डे' असे म्हणावे. 'अप' शेवटी ठेवला, तर तो येईपर्यंत ऐकणारा वाक्याचा धागा हरवून बसतो.

सरावासाठी एक उपाय सांगतो. घरातल्या किंवा टेबलावरच्या वस्तूंकडे पाहून प्रत्येकीसाठी तीन वाक्ये मोठ्याने म्हणावीत: 'पिक अप द कप', 'पिक द कप अप', 'पिक इट अप'. नियम डोक्यात ठेवून बोलण्यापेक्षा तिसरे वाक्य जिभेवर बसणे महत्त्वाचे आहे. त्यानंतर वस्तूंच्या जागी माणसे घ्यावीत आणि काळ बदलावेत. पूर्वनियोजित भेटीसाठी 'आय ॲम पिकिंग हिम अप ॲट सिक्स' हा चालू वर्तमानकाळ इंग्रजीत विशेष रुळलेला आहे, त्यामुळे तो या सरावात अवश्य घ्यावा.

पाचवी पायरी : फोन

'तो माझा फोन उचलत नाही' या मराठी वाक्याचे 'ही इज नॉट पिकिंग माय कॉल' असे भाषांतर आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की बहुतेकांना त्यात काही वावगे दिसत नाही. भारताबाहेरच्या माणसाला मात्र 'पिकिंग माय कॉल' म्हणजे अनेक कॉलांमधून माझा निवडणे, असे काहीतरी विचित्र ऐकू येते. योग्य वाक्य आणखी छोटे आहे: 'ही इज नॉट पिकिंग अप'. फोनचा विषय चालू असताना कर्म सांगण्याची आवश्यकताच नसते. कॉल हा शब्द आणायचाच असेल, तर 'आन्सर माय कॉल' म्हणावे. 'लिफ्ट द फोन' हाही आपल्या 'उचलणे'चा शब्दशः अवतार आहे, तो टाळावा.

सहावी पायरी : कर्माशिवाय 'पिक अप'

फोनप्रमाणेच व्यापार, वेग, वारा आणि प्रकृती यांच्या बाबतीतही 'पिक अप' अकर्मक होते, म्हणजे गोष्ट आपली आपणच सुधारते किंवा वाढते. 'बिझनेस इज पिकिंग अप', 'द विंड पिक्ड अप इन द इव्हनिंग' अशी ही वाक्ये आहेत. येथे मराठी सवय दोन प्रकारे आड येते. 'धंद्याने पिकअप घेतला' यावरून कोणी 'बिझनेस टूक पिकअप' म्हणतो, तर कोणी क्रिया कोणी केली हे सांगता येत नाही म्हणून 'बिझनेस वॉज पिक्ड अप' असा कर्मणी प्रयोग करतो. दोन्ही सोडून द्यावेत. धंदा हाच कर्ता आहे. वेगाच्या बाबतीत मात्र कर्म येते: घाट उतरताना ट्रक 'पिक्स अप स्पीड'. मोटारसायकलला पिकअप नाही, हे परदेशी माणसाला सांगायचे असल्यास 'ॲक्सिलरेशन' म्हणावे.

सातवी पायरी : उच्चार आणि लेखन

क्रियापदाचा भूतकाळ 'पिक्ड अप' असा होतो. प्रत्यय 'पिक'ला लागतो, 'अप'ला कधीही नाही. 'पिक अप्ड' हे रूप अस्तित्वात नाही. लिहिताना शेवटी 'ईडी' असले, तरी 'क'नंतर त्याचा उच्चार 'ट' होतो आणि तो पुढच्या स्वरात मिसळतो, त्यामुळे ऐकू येते ते 'पिक्टप'. तसेच 'पिक इट अप' हे वेगात 'पिकिटप' असे एका दमात येते. फोनवर हे तुकडे ओळखता आले नाहीत, तर ऐकणाऱ्याला नवीनच शब्द आल्यासारखे वाटते.

आघाताचाही फरक आहे. क्रियापद म्हणताना 'अप'वर जोर पडतो, विशेषतः तो शेवटी आला असता. नाम म्हणताना जोर 'पिक'वर जातो. लिहिण्यात क्रियापद नेहमी दोन शब्दांत, तर नाम अमेरिकी पद्धतीने जोडून किंवा ब्रिटिश पद्धतीने मध्ये छोटी रेघ देऊन लिहितात. हॉटेलच्या फलकावर 'पिकअप पॉइंट' जोडून लिहिणे बरोबर आहे, आणि त्याखाली 'वी विल पिक यू अप हिअर' हे तुटक लिहिणेही बरोबर आहे.

एक संदेश दुरुस्त करून पाहू

समजा, मुंबईहून रेल्वेने येणाऱ्या परदेशी पाहुण्याला वाहनचालकाने पुढील संदेश पाठवला: 'सर, आय विल रिसीव्ह यू नाशिक रोड. आय विल पिक युअर लगेज. आय कॉल्ड, यू डिड नॉट पिक. आफ्टर, माय ब्रदर विल पिक अप यू टुमॉरो.' पाहुण्याला यातले बरेचसे समजेल, परंतु सामान कोणी निवडायचे आणि का, असा प्रश्न त्याला क्षणभर पडेल.

पहिल्या वाक्यात 'रिसीव्ह'च्या जागी 'पिक अप' घालून सर्वनाम मध्ये आणावे आणि जागेआधी 'ॲट' घालावा: 'आय विल पिक यू अप ॲट नाशिक रोड स्टेशन'. सामानाच्या वाक्यात 'अप' घातला तरी भागत नाही, कारण सामान उचलून गाडीपर्यंत न्यायचे आहे. तेथे 'आय विल हेल्प विथ युअर लगेज' हे अधिक सौजन्याचे आहे. तिसऱ्यात 'यू डिड नॉट पिक अप' एवढे पुरते, पण ते तक्रारीसारखे वाटते. ग्राहकाला 'आय ट्राइड टू कॉल यू' म्हणून थांबणे शहाणपणाचे. चौथ्यात 'माय ब्रदर विल पिक यू अप टुमॉरो ॲट नाइन' असे करून वेळ जोडावी, म्हणजे पाहुण्याला पुन्हा विचारावे लागणार नाही. परत सोडण्यासाठी 'ड्रॉप ऑफ' ही जोडी आहे आणि तिला कर्माचा हाच नियम लागू पडतो: 'ही विल ड्रॉप यू ऑफ ॲट द एअरपोर्ट'.

बँक, विमा किंवा सरकारी कार्यालयाच्या औपचारिक पत्रात मात्र 'पिक अप' थोडे घरगुती वाटते, म्हणून कागदपत्रे घेऊन जाण्याविषयी लिहिताना 'कलेक्ट' वापरण्याची पद्धत आहे. 'प्लीज कलेक्ट युअर डॉक्युमेंट्स फ्रॉम द ऑफिस' असे लिहिले की पत्राचा सूर सांभाळला जातो. ब्रिटनमध्ये माणसांना घ्यायला जाण्यासाठीही 'कलेक्ट' वापरतात, तेव्हा एखाद्या इंग्रज पाहुण्याने 'विल समवन कलेक्ट मी?' असे विचारल्यास गोंधळून न जाता 'येस, वी विल पिक यू अप ॲट सिक्स' असे उत्तर द्यावे.